बत्तिसांतला एक

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.



महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांना भारतरत्न द्यावं, अशी शिफारस करणारा ठराव आपण 24 मार्च 2025 रोजी एकमताने मंजूर केलात. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरून एकच सूर निघाला. कांद्याच्या भावापासून कामकाजाच्या वेळेपर्यंत कशावरूनही सभात्याग होऊ शकतो अशा सभागृहात हे घडलं, म्हणून बातमी वाचून बरं वाटलं. ठरावाला माझाही पाठिंबा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढच्या मजकुराचा कुणी भलता अर्थ काढणार नाही. मला टोचतंय ते त्यातलं ‘एकमताने’.

जोतीराव 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हेत, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. हे तेच लिटन, ज्यांनी 1878 चा कायदा करून देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं होतं. सभासद होते 32. विरोधात मत पडलं ते एकच. करदात्यांचा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्या एकाचं म्हणणं होतं. सरकारनेच नेमलेल्या माणसाने सरकारच्या सर्वांत मोठ्या प्रतिनिधीच्या स्वागताला नाही म्हणायचं, आणि तेही सरकारी बांधकामांची कंत्राटं घेणाऱ्या माणसाने, म्हणजे पोटावर पाय येण्याची तयारी ठेवूनच. व्हिप मोडल्यावर काय होतं हे आपण जाणता, तेव्हा या एका मताचं मोल आपल्याला मी समजावून सांगायला नको.

आम्ही पुणेकर रोज एका चमत्कारिक स्मारकात भाजी घेतो. आज जिला महात्मा फुले मंडई म्हणतात ते 1886 साली उघडलेलं रे मार्केट. नगरपालिकेने एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालू नये, शिक्षणावर घालावा, म्हणून जोतीरावांनी या मंडईच्या बांधणीला विरोध केला होता. त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूने होते. विरोध अर्थातच चालला नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. अत्र्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. याच अत्र्यांनी 1954 साली ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला, त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब आंबेडकर जातीने हजर होते आणि त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. पण ज्या इमारतीला माणसाने विरोध केला तिलाच त्याचं नाव लागतं आणि विरोध तेवढा सगळ्यांच्या आठवणीतून पुसला जातो, याकडे आपलं लक्ष वेधावंसं वाटलं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. महाराष्ट्राने या माणसाला मंडया मात्र सढळ हाताने दिल्या.

जोतीरावांना सन्मानांचं वावडं होतं असं नाही. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने त्यांना शालजोडी दिली, ती त्यांनी घेतली. तेव्हा ते पंचविशीत होते आणि मुलींच्या शाळा चालवल्याबद्दल त्यांना घरातून बाहेर पडावं लागलं होतं. पण शालजोडी देणाऱ्यांचे ते मिंधे झाले नाहीत. तीस वर्षांनी, 1882 च्या ऑक्टोबरात, हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा त्यांनी सरळ हिशेबच मांडला: शेतसारा भरतो रयत, आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गांची मुलं. 1888 च्या मार्च महिन्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी पुण्यात मेजवानी झाली. यजमान होते तेच मित्र, हरी रावजी चिपळूणकर. जरीच्या पगड्या आणि हिऱ्यामोत्यांच्या त्या गर्दीत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणीच्या मुलाला म्हणाले की इथे जमलेल्यांवरून हिंदुस्थान ओळखू नका, खेड्यांत जाऊन बघा.

नाकारलेला मानही एक आहे. 1885 साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना आमंत्रण पाठवलं. त्यांनी पत्र लिहून नकार दिला. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून जागा नाही त्यांच्या सभेत आमचं काय काम, असा त्या पत्राचा मथितार्थ. आज अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या परंपरेची मोजणी याच ग्रंथकार सभांपासून करतं आणि संमेलनाच्या मांडवात जोतीरावांचं छायाचित्र हारासह असतं. बोलावलं तेव्हा ते आले नाहीत. आता न विचारता आणून बसवले आहेत.

त्यांनी मनापासून स्वीकारलेला एकच मोठा सन्मान मला दिसतो. 11 मे 1888, मुंबईतला मांडवी कोळीवाडा. रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांनी लोकांच्या वतीने त्यांना ‘महात्मा’ म्हटलं. कुणा समितीची शिफारस नव्हती, दिल्लीकडे किंवा विलायतेकडे ठराव जायचा नव्हता. दोनच महिन्यांनी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. मग डाव्या हाताने ते ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ लिहीत राहिले. औषधपाण्याला पैसा उरला नाही, तेव्हा मामा परमानंदांना सयाजीराव गायकवाडांकडे पत्र लिहून मदत मागावी लागली. हा ‘महात्मा’ पदवीनंतरच्या दोन वर्षांचा हिशेब. आणि 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेल्यावर, दहन न करता मिठात घालून पुरावं ही त्यांची शेवटची इच्छासुद्धा पुरी होऊ शकली नाही, कारण परवानगी मिळाली नाही. शेवटी दहन झालं. टिटवं धरण्यावरून नातेवाइकांनी वाद घातला तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते आपल्या हातात घेतलं. भारतरत्नाच्या ठरावात दोघांचं नाव एकत्र आहे ते योग्यच आहे. फक्त या बाईंचं नाव पुण्याच्या विद्यापीठाला मिळायला 2014 साल उजाडावं लागलं, एवढं जाता जाता नोंदवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

1925 साली केशवराव जेधे पुणे नगरपालिकेत निवडून गेले आणि जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा ठराव त्यांनी मांडला. आदल्याच वर्षी मंडईजवळ लोकमान्यांचा पुतळा उभा राहिला होता, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. फुल्यांच्या ठरावावर मात्र शहर पेटलं. ठराव बारगळला. त्या वादातून दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे जहाल पुस्तक निघालं, खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या आणि अपिलात बॅरिस्टर आंबेडकरांनी 1926 साली आरोपींना सोडवलं. एका पुतळ्यापायी एवढं रामायण.

मला त्या वेळच्या विरोधकांविषयी, कसं सांगू, एक प्रकारचा आदर वाटतो. त्यांनी जोतीरावांना वाचलं होतं. वाचून ते संतापले होते. त्याच्याही आधी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या व्याकरणाची टर उडवली तीसुद्धा पुस्तकं समोर ठेवूनच. या माणसाचा पुतळा उभा केला तर आपण काय कबूल करतो आहोत, हे 1925 च्या नगरपालिकेला नीट कळत होतं, म्हणून तिने नाही म्हटलं. शंभर वर्षांनी 288 जणांच्या सभागृहात एकालाही ‘नाही’ म्हणावंसं वाटलं नाही. शंभर वर्षांत महाराष्ट्राचं मन एवढं बदललं, असा याचा एक अर्थ होतो. आता त्यांना कुणी वाचत नाही, असा दुसरा होतो. कोणता खरा, ते ठरवायला फार थांबावं लागलं नाही.

ठरावानंतर पंधरा दिवसही झाले नव्हते. अनंत महादेवन दिग्दर्शित ‘फुले’ हा हिंदी चित्रपट 11 एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, प्रदर्शित व्हायचा होता. झलक बघून काही संघटनांनी आक्षेप घेतले. सेन्सॉर मंडळाने बदल सुचवले. काढायच्या किंवा बदलायच्या शब्दांत ‘महार’ होता, ‘मांग’ होता, ‘पेशवाई’ होती, मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख होता. प्रदर्शन 25 एप्रिलपर्यंत लांबलं.

सन्माननीय सदस्यहो, यांतले ‘महार’ आणि ‘मांग’ हे शब्द जातीच्या सरकारी दाखल्यावर छापलेले असतात. दाखल्यावर ते लागतात, पडद्यावर मात्र नकोत. जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ताबाई साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. दलित मुलीने स्वतःच्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेलं मराठीतलं हे पहिलं लेखन मानतात. त्याचं शीर्षकच ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ असं आहे. मग फुल्यांवरच्या चित्रपटात मुक्ताबाई उभी राहिली तर तिने आपल्या निबंधाचं नाव काय सांगायचं? जातीचं नाव घेतलं नाही की जात दिसत नाही, ही सोय कुणाची आहे, हे जोतीरावांनी उभा जन्म सांगितलं.

सेन्सॉर मंडळ आपल्या अखत्यारीत नाही, हे मला ठाऊक आहे. अधिवेशन संपलेलं होतं, हेही. आपल्यापैकी काही जण त्या दिवसांत बोलले, ते वाचलं. पण मार्चमधलं ते एकमत एप्रिलमध्ये कुठे होतं? भारतरत्नासाठी पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात आणि त्यासाठी औपचारिक मागणीची गरज नसते. म्हणजे विधानसभेचा ठराव ही इच्छा आहे, तिला खर्च नाही आणि जबाबदारीही नाही. चित्रपटाच्या बाजूने एकमुखाने उभं राहायला मात्र काहीतरी मोजावं लागलं असतं. निदान एखाद्या मतदारसंघात एखाद्या गटाची नाराजी.

जोतीराव परवडणारे नाहीतच. त्यांचे ग्रंथ उघडा, आपल्यापैकी प्रत्येकाला झोंबेल असं एक पान सापडेल. ‘गुलामगिरी’ (1873) कुणाला झोंबते हे सांगायला नको. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मधला. त्यात भटशाही आहेच, पण ऐषारामी गोरे अधिकारी आहेत, त्यांच्या हाताखालची लाचखाऊ कचेरी आहे, सावकार आहे. हे लिखाण त्यांच्याच चळवळीच्या माणसांना पेललं नाही. ‘दीनबंधू’त नारायण मेघाजी लोखंड्यांनी पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं नाकारलं. लोखंडे काही लेचेपेचे नव्हते, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारा तो माणूस. पण ‘असूड’ पुरता छापणं त्यांनाही अवघड गेलं. आपल्याच माणसाने आपल्याला थांबवावं याचं जोतीरावांना काय वाटलं असेल, याचा विचार पक्षशिस्तीत वाढलेल्या राजकारण्याने एकदा जरूर करावा.

सत्यशोधक समाजाने 1873 च्या डिसेंबरात भटजीवाचून पहिलं लग्न लावलं. मुहूर्त नाही, दक्षिणा नाही, नवराबायकोने एकमेकांना वचन द्यायचं. आणि आज? जोतीरावांच्या नावाच्या सभागृहाचं, वसतिगृहाचं, चौकाचं भूमिपूजन असतं तेव्हा मुहूर्त काढलेला असतो, गुरुजी आलेले असतात, नारळ, कुदळ, हळदीकुंकू सगळं यथासांग. निमंत्रणपत्रिकेवर वर फुल्यांचं चित्र आणि खाली ‘शुभहस्ते’. यावर हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लोकप्रतिनिधीने खाजगीत काय श्रद्धा बाळगावी हा माझा विषय नाही. पण फुल्यांच्या नावाची कोनशिला बसवताना तरी एखाद्याने गुरुजींना घरी राहू द्यायला हरकत नव्हती. मी असं एकदाही पाहिलेलं नाही.

नावं देण्यात मात्र आपलं राज्य कुठे कमी पडलेलं नाही. शेतकऱ्यांची कर्जमुक्ती योजना, जन आरोग्य योजना, राहुरीचं कृषी विद्यापीठ, सगळीकडे जोतीराव. ‘असूड’मध्ये शेतकऱ्यांसाठी त्यांनी मागितलेल्या गोष्टी बघितल्या तर मौज वाटते. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या माणसांकडून ताली-बंधारे बांधून घ्या म्हणजे पाणी मुरेल, जनावरांची वाणं सुधारा, शेतीमालाची प्रदर्शनं भरवून बक्षिसं द्या, शेतकऱ्याच्या मुलांना शिकवा. शेतकरी कर्जात पडूच नये म्हणून हा माणूस डोकं चालवत होता. आपण मात्र कर्ज फेडून टाकण्याच्या योजनेला त्यांचं नाव दिलं.

भिडे वाड्याचंच बघा. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, 1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. गणपतीला रांगा लागत होत्या आणि रस्त्याच्या पलीकडे शाळेचं छप्पर खचत होतं. स्मारक करण्याच्या घोषणा झाल्या, जागेचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. 2023 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातला शेवटचा अडथळा दूर झाला आणि डिसेंबरात महापालिकेने रातोरात वाडा पाडला. वाडा मोडकळीला आलेला होता, पाडणं कदाचित अटळच होतं. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. ते व्हावं. पण मुलींची शाळा जिथे होती तिथे चकचकीत स्मारक, आणि शाळा? शाळांकडे वळतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांची मुख्य मागणी प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या 12 व्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही होती. शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्या, त्यांना बरा पगार द्या, शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान शिकवा, वरच्या शिक्षणावरचा खर्च कमी झाला तरी चालेल पण खालचं शिक्षण उपाशी ठेवू नका. या मागणीचा कायदा व्हायला किती काळ गेला? मधे सयाजीरावांनी बडोद्यात आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात करून दाखवलं, पण देशभराचा शिक्षण हक्क कायदा 2009 साली आला. निवेदनानंतर 127 वर्षांनी. त्या कायद्यान्वये पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे.

आणि 2023 च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. तोरणमाळ आणि पानशेतच्या प्रयोगांचे दाखले दिले गेले. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात 14 हजारांहून अधिक, त्यांतली मुलं पावणेदोन लाखांहून जास्त. बाजूने मुद्दे नाहीत असं नाही: तीन मुलांना एक शिक्षक, ना खेळ, ना सोबत. मोठ्या शाळेत मुलाला मुलं मिळतात, हे मलाही कळतं. पण पाड्यावरच्या, तांड्यावरच्या, धनगरवाड्यावरच्या मुलीसाठी शाळा आठ-दहा किलोमीटर लांब गेली आणि बसची फेरी पावसाळ्यात बंद पडली, तर तिचं काय होतं हे आपल्यापैकी ग्रामीण मतदारसंघातून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती घरी बसते. धाकट्या भावंडाला सांभाळते. दोन-तीन वर्षांनी तिचं लग्न ठरतं. शाळा लांब गेली की कुणाची मुलं आधी गळतात, त्यांच्या जातींची यादी करायला बसलात तर ती 1882 च्या यादीहून फार वेगळी निघणार नाही.

जोतीरावांचा सन्मान कुठे करायचा असेल तर तो या मुद्द्यावरच्या मतदानात करा. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत, पुरवणी मागण्यांत, जिथे पैशाचं वाटप ठरतं तिथे. स्वागताला हजार रुपये की शिक्षणाला, हाच प्रश्न दरवर्षी वेगळ्या शीर्षाखाली आपल्यापुढे येतो आणि बहुतेक वेळा आवाजी मतदानाने निकालात निघतो. अशा एखाद्या मागणीवर, आपल्याच पक्षाचं सरकार असताना, एखाद्याने उठून ‘माझा विरोध नोंदवा’ म्हटलं, तर मी त्याच्या मतदारसंघात जाऊन त्याला हार घालीन. सगळे मान डोलावत असताना उठून नाही म्हणणं ही या माणसाची खूण होती, आणि त्यालाच आपण असा मान दिलात ज्यात नाही म्हणायला जागा उरली नाही.

आता एक अगदी साधी विनंती. तिला दिल्लीची परवानगी लागत नाही.

जोतीरावांच्या लिखाणाचं छापखान्याशी नशीब कधी जमलं नाही. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी 1855 मध्ये लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. तेव्हाच्या सरकारी मदतीचा तो दरवाजा. कमिटीने ते नाकारलं. मराठीतल्या आद्य सामाजिक नाटकांपैकी एक असं नाटक छापून लोकांपुढे यायला 1979 साल लागलं, म्हणजे 124 वर्षं. ‘असूड’ पुरता छापलेला त्यांना पाहता आला नाही. ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ ते गेल्यानंतर 1891 मध्ये त्यांच्या दत्तक मुलाने, यशवंताने, प्रसिद्ध केलं. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने 1969 साली काढलं आणि य. दि. फडक्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती 1991 साली सिद्ध केली. या तिघांचं आणि मंडळाचं ऋण मोठं आहे. सरकारने केलेल्या फुल्यांच्या सन्मानांत मी याला पहिला नंबर देतो, पुतळ्यांच्या, तिकिटांच्या आणि मंडयांच्या कितीतरी वर. पण सरकारी प्रकाशनांचं पुढे काय होतं, हे बाबासाहेबांच्या ग्रंथांबाबत आपण पाहिलंच आहे: त्यांच्या खंडांची छपाई इतकी रखडली की 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घ्यावी लागली.

म्हणून आपल्यापैकी कुणीही, कोणत्याही पक्षाच्या सदस्याने, पुढच्या अधिवेशनासाठी एक तारांकित प्रश्न द्यावा. मसुदा मीच करून देतो, आपल्या सचिवालयाच्या साच्यात:

संबंधित मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (1) ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथाच्या किती प्रती राज्यातील शासकीय ग्रंथ भांडारांत आज विक्रीसाठी उपलब्ध आहेत व त्याची किंमत किती आहे, (2) राज्यातील किती जिल्हा परिषद शाळांच्या, आश्रमशाळांच्या व शासकीय वसतिगृहांच्या ग्रंथालयांत या ग्रंथाची किमान एक प्रत आहे, (3) ज्या शाळांचे समायोजन प्रस्तावित आहे अशा शाळांतील ग्रंथसंग्रहाचे पुढे काय होणार आहे, (4) या ग्रंथाचे एकही शब्द न वगळता स्वस्त दरात पुनर्मुद्रण करण्याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला आहे, (5) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आपला,
पुण्याचा एक मतदार